ऑफिसच्या शेअरपॉईंटवर फाईल सापडत का नाही? उत्तर वसई-विरारच्या पत्त्यात आहे

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात गाळ्यांना गाळे लागलेले आहेत. समजा, यातल्या वालीवच्या एका गाळ्यात २००५ पासून प्लास्टिकचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना चालू आहे. कारखाना जागचा हललेला नाही. शटर तेच, समोरची चहाची टपरीही तीच. पण त्याचा पत्ता किती वेळा बदलला बघा.

सुरुवातीला वालीव ग्रामपंचायत, तालुका वसई, जिल्हा ठाणे. बांधकामाचं नियोजन तेव्हा सिडकोकडे. ३ जुलै २००९ ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. १ ऑक्टोबर २०२० पासून पोलीस ठाणं मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयात गेलं. कंपनीच्या जुन्या टेम्पोवर एमएच ०४ आहे, नव्यावर एमएच ४८.

आता या कंपनीनं कागदपत्रं स्कॅन करून शेअरपॉईंटवर चढवली आहेत. साहेब नव्या मुलीला सांगतात, “आपल्या गाळ्याची जुनी बांधकाम परवानगी काढून दे, बँकेला हवी आहे.” ती मुलगी कुठल्या फोल्डरमध्ये शोधणार? ‘ग्रामपंचायत’मध्ये, ‘सिडको’मध्ये, ‘महापालिका’मध्ये, ‘ठाणे’मध्ये की ‘लोन’मध्ये?

गंमत म्हणजे यातला प्रत्येक फोल्डर ज्यानं बनवला त्याचं त्या वेळी बरोबरच होतं. तरी फाईल सापडत नाही. बँकेचा माणूस दोन दिवस थांबतो, तिसऱ्या दिवशी कर्जाचं प्रकरण मागे पडतं.

हा प्रश्न फक्त शेअरपॉईंटचा नाही. गुगल ड्राईव्ह, झोहो वर्कड्राईव्ह, कॉन्फ्लुएन्स, काहीही वापरा, गुंता हाच.

एक कागद, एकच कप्पा

फोल्डर म्हणजे गोदरेजच्या कपाटाची नक्कल. लोखंडी कपाटात कागद एकाच कप्प्यात ठेवता येतो, त्यामुळे कुठला कप्पा ते आधी ठरवावं लागतं. संगणकावर ती अडचण नाही. तरी आपण तिथेही कपाटच बांधलं. मग काय होतं, तर ‘खरेदी’च्या आत ‘२०२२’, त्याच्या आत ‘वालीव युनिट’, त्याच्या आत ‘जुने’, त्याच्या आत ‘फायनल’ आणि त्याच्या आत ‘फायनल नवीन’. शेअरपॉईंटमध्ये फाईलचा पूर्ण मार्ग ४०० अक्षरांच्या पुढे गेला की तो चालत नाही, आणि हे बऱ्याच जणांना फाईल चढेना म्हटल्यावर कळतं.

फोल्डरच्या उतरंडीत आणखी एक गोम आहे. आधी वर्ष की आधी युनिट, हे बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं. ज्याला सगळ्या युनिट्सची एकाच वर्षाची बिलं हवीत त्याला प्रत्येक युनिटच्या फोल्डरमध्ये उतरून परत वर यावं लागतं. बनवणारा नोकरी सोडून गेला की त्याच्या डोक्यातला नकाशाही त्याच्याबरोबर जातो.

मेटाडेटा तुम्ही रोज वाचता

मेटाडेटा हा शब्द ऐकला की लोक आयटीवाल्याकडे बघतात. पण वसई रोडच्या प्लॅटफॉर्मवर उभा असलेला कुणीही तो रोज वाचतो. इंडिकेटरवर काय असतं? गाडी कुठे जाणार, फास्ट की स्लो, किती वाजता, किती डब्यांची. गाडी दिसायच्या आधी या चार गोष्टींवरून तुम्ही मान वर करून एका सेकंदात ठरवता की ही आपली की नाही. गाडी कुठल्या कारशेडमधून निघाली याच्याशी तुम्हाला काही घेणंदेणं नसतं.

फाईलचंही तसंच. फाईल कुठे ठेवली आहे याऐवजी ती काय आहे, हे सांगणारी चिठ्ठी तिला लावायची. ही चिठ्ठी म्हणजे मेटाडेटा. त्या चिठ्ठ्यांवरून नको ते गाळत जायचं, ते फिल्टरिंग.

ही कल्पना सिलिकॉन व्हॅलीत जन्मलेली नाही. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केलं. पुस्तकाला एकाच खणात कोंबण्याऐवजी त्याच्या विषयाचे पैलू पाडायचे आणि पैलू जोडून क्रमांक बनवायचा, अशी ती पद्धत. व्यक्तिमत्त्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश आणि काळ हे त्यांचे पाच पैलू. ऑनलाईन साडी घेताना तुम्ही रंग, कापड, किंमत असे डावीकडचे चौकोन टिक करत जाता ना? त्यामागे हाच विचार आहे.

पाच रकाने पुरतात

शेअरपॉईंटमध्ये हे करायची सोय २०१० च्या आवृत्तीपासून नीट आली. फायलींच्या लायब्ररीला रकाने जोडता येतात, त्या रकान्यांत काय भरायचं याची ठरलेली यादी करता येते, आणि त्यावर गाळता येतं. आपल्या वालीवच्या कारखान्याला किती रकाने लागतील? माझ्या मते पाच: कागदाचा प्रकार, कुणी दिला, कुठलं युनिट, कागदावरची तारीख आणि मुदत कधी संपते.

यातले दोन नीट समजून घ्या, कारण बाकीचे आपोआप सुचतात.

पहिला, कागदावरची तारीख. लोक म्हणतात तारीख तर सॉफ्टवेअर स्वतःच दाखवतं. दाखवतं, पण ती फाईल चढवल्याची किंवा शेवटची बदलल्याची. २००८ चा परवाना २०२४ मध्ये स्कॅन केला की तो २०२४ चा म्हणून सगळ्यात वर येऊन बसतो, आणि घाईत असलेला माणूस तोच ताजा समजून पाठवून देतो. म्हणून कागदावर छापलेल्या तारखेला स्वतंत्र रकाना हवाच.

दुसरा, मुदत. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, कारखाना परवाना, विमा पॉलिसी, भाडेकरार, सगळ्यांना शेवटची तारीख असते. हा एक रकाना भरला की ‘आजपासून ९० दिवसांत मुदत संपणारे’ असा तयार व्ह्यू साठवून ठेवता येतो. रोज तो आपोआप पुढे सरकतो. फोल्डर कितीही शिस्तीत लावा, हे काम फोल्डर करूच शकत नाही. माझ्या मते मेटाडेटाचा सगळा खटाटोप या एका यादीसाठी केला तरी पैसे वसूल.

‘कुणी दिला’ या रकान्यामुळे साहेबांची बांधकाम परवानगीही सापडते. प्रकार ‘बांधकाम परवानगी’, युनिट ‘वालीव’, एवढं टिक केलं की दोन-तीन कागद समोर. त्यात सिडकोचा कुठला, महापालिकेचा कुठला, हे शेजारच्या रकान्यात दिसतं. शोधणाऱ्याला वसईचा प्रशासकीय इतिहास पाठ असायची गरज उरत नाही.

आणि हे महत्त्वाचं का, तर जुलै २०१८ आठवा. वसई-विरार पाण्याखाली होतं, लोकल बंद, दिवे गेलेले. गाळ्यात पाणी शिरलं की विमा कंपनी पहिल्यांदा मशीनचं खरेदी बिल आणि पॉलिसीची प्रत मागते. कपाट खालच्या मजल्यावर असेल तर मूळ कागदाचा लगदा झालेला असतो. स्कॅन असणं आणि तो स्कॅन त्या आठवड्यात सापडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भरणार कोण?

इथे सगळे प्रकल्प बसतात. साहेबांनी उत्साहात १७ रकाने सक्तीचे केले की माणसं पहिल्या आठवड्यात भरतात, दुसऱ्यात सगळीकडे ‘इतर’ निवडतात आणि तिसऱ्यात फाईल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकून मोकळी होतात. तिथून ती ‘डॉक’, तारीख आणि ‘डब्ल्यूए ०००७’ अशा नावानं प्रत्येकाच्या फोनमध्ये उतरते. मग शोधा.

‘इतर’ हा शब्द तर जपूनच वापरा. सरकारी कचेरीत त्याला ‘संकीर्ण’ म्हणतात, आणि सगळ्यात जाड नस्ती नेहमी संकीर्णचीच असते.

यावर एक सोपी सोय आहे, जी फार कमी लोक वापरतात. शेअरपॉईंटमध्ये एखाद्या फोल्डरला रकान्यांची ठरलेली मूल्यं जोडता येतात. म्हणजे ‘वालीव – खरेदी बिलं’ हा एकच उथळ फोल्डर ठेवायचा. त्यात टाकलेल्या प्रत्येक फाईलला युनिट ‘वालीव’ आणि प्रकार ‘खरेदी बिल’ ही चिठ्ठी आपोआप लागते. टाकणाऱ्याला वाटतं आपण फोल्डरमध्ये टाकली, शोधणाऱ्याला ती फिल्टरनं मिळते. दोघंही खूश. फोल्डर पूर्ण बंद करा असा सल्ला देणारे बरेच भेटतील, पण स्टोअरमधल्या माणसाची २० वर्षांची सवय एका परिपत्रकानं मोडत नाही.

बेसिन, वसई, वसईत, वसईला

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, सर्च आहे की. नाव टाइप केलं की झालं.

टाइप काय करणार? वसई रोड स्टेशनचा रेल्वेचा कोड आजही ‘बीएसआर’ आहे, बेसिन रोडवरून आलेला. जुन्या करारात बेसिन असतं, नव्यात वसई. नालासोपारा इंग्रजीत एक ‘एल’ घालून लिहितात, दोन घालून लिहितात, मधे जागा सोडूनही लिहितात. बोळींजचं इंग्रजी स्पेलिंग लिहिणारा बदलला की बदलतं. सॉफ्टवेअरला हे एकच ठिकाण आहे हे कोण सांगणार?

मराठीत तर आणखी मजा आहे. आपण नाव आहे तसं क्वचितच वापरतो. नालासोपारा, नालासोपाऱ्यात, नालासोपाऱ्याचा, नालासोपाऱ्याहून. आपल्याला हा एकच गाव दिसतो. अक्षरं जुळवून शोधणाऱ्या यंत्राला ‘नालासोपारा’ आणि ‘नालासोपाऱ्या’ हे शेवटच्या अक्षराला वेगळे शब्द आहेत. म्हणजे पत्रात गावाचा उल्लेख दहादा असेल आणि तरी मूळ रूपात एकदाही नसेल, असं सहज होतं.

त्याहून मोठा खड्डा म्हणजे जुने फॉन्ट. युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंग श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये व्हायचं. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत साठायची रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्या फाईलमध्ये ‘वसई’ असा शब्द संगणकाच्या लेखी नाहीच. तुम्ही कितीही सर्च करा. मोबाईलवरून काढलेला फोटो पीडीएफ करून चढवला असेल आणि त्यातली अक्षरं ओळखून घेतलेली नसतील, तर तिथेही तेच. अशा कागदांना बाहेरून लावलेली चिठ्ठी हाच एकमेव कान, ज्याला धरून त्यांना बाहेर ओढता येतं.

म्हणून ठिकाणाच्या रकान्यात मोकळं टायपिंग ठेवू नका. ठरलेली यादी ठेवा. शेअरपॉईंटच्या टर्म स्टोअरमध्ये एका नावाला त्याची दुसरी नावं जोडता येतात. ‘वसई’ला ‘बेसिन’ जोडून ठेवलं की भरताना कुणी बेसिन टाइप केलं तरी यंत्र वसई सुचवतं. यादी वाढवायचा अधिकार मात्र एकाच माणसाकडे द्या. सगळ्यांना दिला की महिन्याभरात बिल, बील, बिले, इन्व्हॉईस आणि टॅक्स इन्व्हॉईस असे पाच प्रकार तयार होतात, आणि एकावर गाळलं की बाकीचे चार गायब.

सरकारनं हे काम एका ठिकाणी चांगलं केलं आहे. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या पानावर विभाग, शीर्षकातला शब्द, तारखेचा टप्पा आणि संकेतांक यांवरून गाळता येतं. प्रत्येक निर्णयाच्या शेवटी १८ आकडी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शेवटचे दोन विभागाचे. पीडीएफ उघडता आली नाही तरी आकड्यावरून निर्णय कधीचा ते कळतं. व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘नवा जीआर’ खरंच नवा आहे का, हे तपासायला एवढं पुरतं.

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नं तर प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमित ठेवायचं बंधन घातलं आहे. मागितलेली माहिती द्या, एवढ्यावर कायदा थांबत नाही. ती सापडेल अशी ठेवा, हेही तो सांगतो. वसई-विरारसारख्या ठिकाणी याचं मोल जास्त. महापालिका होताना चार नगरपरिषदांची आणि ग्रामपंचायतींची दप्तरं एका छताखाली आली, आणि २९ गावं आत ठेवायची की बाहेर काढायची यावरून वर्षानुवर्षं वाद चालला. आज जुन्या सोसायट्या मानीव अभिहस्तांतरणासाठी भोगवटा प्रमाणपत्राची प्रत शोधतात, तेव्हा ती कोणत्या काळात कोणी दिली हाच पहिला प्रश्न असतो.

मेनू कुणासाठी?

स्टेशनवर इंडिकेटरशिवाय पुलावरच्या पाट्याही असतात. पूर्व, पश्चिम, तिकीट खिडकी. काय हवं हे ज्याला माहीत आहे तो इंडिकेटर बघतो. नवखा पाटी बघतो. साईटचा मेनू म्हणजे ही पाटी.

बहुतेक कंपन्यांचा मेनू विभागांच्या नावानं असतो: एचआर, ॲडमिन, अकाउंट्स. पण कामगाराच्या मनात विभाग नसतो, काम असतं. रजा टाकायची आहे, गेटपास हवा आहे, पगाराची स्लिप बघायची आहे. मेनूत हेच शब्द टाका. गेटपास ॲडमिन देतं की सिक्युरिटी, हे शोधायची वेळ कुणावर आणू नका.

साईटच्या आत साईट, तिच्या आत आणखी एक, अशी जुनी रचना असेल तर ती सोडा. आता सगळ्या साईट्स एका पातळीवर ठेवून वर एक सामाईक हब जोडता येतो. विभाग बदलला, युनिट दुसऱ्या साहेबाकडे गेलं, तर फक्त जोडणी बदलायची. फाईल हलत नाही, दुवे तुटत नाहीत. वसईचा जिल्हा बदलला म्हणून कुणी गाव उचलून नेलं नव्हतं, तसंच.

टीम्स वापरत असाल तर हेही लक्षात असू द्या की तिथलं प्रत्येक साधं चॅनल म्हणजे मागच्या शेअरपॉईंट लायब्ररीतला एक फोल्डर असतो. उठसूट चॅनल काढत गेलात की तुम्ही नकळत कपाटच बांधत असता.

दोन ठिकाणी पाय घसरतो

एक, ५,००० चा आकडा. शेअरपॉईंटच्या एका लायब्ररीत कोट्यवधी फायली बसतात, पण एका व्ह्यूसाठी एका वेळी ५,००० हून जास्त नोंदी चाळायची वेळ आली की गाडी अडते. उपाय असा की ज्या रकान्यांवर गाळणार आहात त्यांना इंडेक्स आधीच लावून ठेवायचा. लायब्ररी भरल्यावर धावपळ करण्यापेक्षा पहिल्या दिवशी दोन मिनिटं द्या.

दुसरं जास्त गंभीर आहे. फिल्टर म्हणजे कुलूप नाही. मेनूतून दुवा लपवला, व्ह्यूमधून पगाराच्या फायली गाळल्या, म्हणजे त्या सुरक्षित झाल्या असं नाही. ज्याला लायब्ररी बघायची परवानगी आहे त्याला सर्चमध्ये त्या दिसतात. पगार, आधारच्या प्रती, वैद्यकीय कागद यांची लायब्ररीच वेगळी हवी आणि तिच्या किल्ल्या मोजक्या लोकांकडे. तिकीट खिडकीची पाटी काढली म्हणून खिडकी बंद होत नाही.

जुन्या ढिगाऱ्याचं काय?

शेवटी अडतं ते इथे. ४० हजार फायलींना चिठ्ठ्या लावत बसायचं? नाही. सरकारी दप्तरात अभिलेखांचे वर्ग असतात: ‘अ’ कायमचे, ‘ब’ ३० वर्षं, ‘क’ १० वर्षं, ‘क-१’ ५ वर्षं आणि ‘ड’ एक वर्ष. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची जी घडी बसवली, जिला लोक लखिना पॅटर्न म्हणतात, तिच्यातही दप्तर वर्गवार लावण्यावर भर होता. ती अक्कल उसनी घ्या. कायमचे कागद आणि मुदतीचे कागद, एवढ्यांनाच आधी चिठ्ठ्या लावा. छोट्या कंपनीत हे काही शे कागद भरतील, एका माणसाचं आठवड्याभराचं काम.

बाकीचं उडवू नका. कंपनी कायद्यानं हिशोबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवावी लागतात, जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. ते सगळं ‘जुनं दप्तर’ नावाच्या एका लायब्ररीत, फक्त वाचता येईल असं ठेवून द्या. कुणी त्यातून एखादी फाईल शोधून काढली, की तिला लगेच चिठ्ठी लावून पुढे आणायची. जी कुणाला लागतच नाही ती तिथेच राहील, आणि मुदत संपली की काढून टाकता येईल.

हे सगळं लागलं की नाही ते बघायचं असेल, तर नव्यानं रुजू झालेल्या एखाद्याला पाच कागद शोधायला सांगा आणि शेजारी गप्प बसा. पहिला क्लिक तो कुठे करतो, कुठला शब्द टाइप करतो, ते लिहून घ्या. तो ‘लाईट बिल’ टाइप करत असेल आणि तुमच्या यादीत ‘महावितरण देयक’ असेल, तर यादीत ‘लाईट बिल’ जोडून टाका.